सोबती मागणारे यादोराव

यादोराव कापगते कोणाच्याही दारात आले, की आधी बसत नसत. "या, बसा," असे कितीही आग्रहाने म्हटले तरी एक हात चौकटीला टेकून ते उभेच राहत आणि म्हणत, "बसतो नं. पयले होय म्हना, नाईत नाई म्हना. मंग बसतो." गंमत अशी, की 'नाही' म्हणणाऱ्याकडेही ते बसत. पाणी पीत, घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करीत, धानाला कीड लागली की काय ते विचारीत, आणि नकाराचा विषय पुन्हा न काढता उठत. मागणारा माणूस नकारानंतर बहुधा तोंड पाडतो, किंवा समोरच्याचे तोंड पडेल असे काही बोलून जातो. यादोरावांनी यांतले काहीच कधी केले नाही. त्यामुळे त्यांना नाही म्हणणे सोपे होते, आणि पुष्कळांनी ते म्हटलेही.

ते मागत काय, तर आठवड्यातला एक तास. स्वतःसाठी नव्हे. तुरुंगात असलेल्या माणसासाठी, तेथून सुटून आलेल्या माणसासाठी, किंवा त्याच्या मागे राहिलेल्या आईसाठी, बायकोसाठी. गोंदियाला एकदा सभा झाली होती. मंदिरे, विहार, चर्च, दर्गा अशा सर्व ठिकाणची माणसे तिला बोलावली होती. प्रत्येक प्रार्थनास्थळाने आपल्यातून काही माणसे द्यावीत, एका माणसाने एकाच माणसाला धरावे, वर्षभर दर आठवड्याला त्याच्याजवळ तासभर बसावे, एवढीच त्या योजनेची मागणी होती. केशोरीकडच्या आमच्या गावात सामुदायिक प्रार्थनेचे मंडळ आहे, त्याच्या वतीने यादोराव त्या सभेला गेले होते. परत आले ते हेच काम डोक्यात घेऊन. असे बसायला जाणाऱ्या माणसाला सभेत कोणता भारदस्त शब्द वापरला होता तो त्यांच्या लक्षात राहिला नाही. त्यांनी आपला साधा शब्द ठेवला: सोबती.

यादोराव वारले त्याला आता दोन उन्हाळे झाले. मी गावच्या शाळेत मुख्याध्यापक होतो आणि निवृत्तीनंतरही गावातच राहिलो, म्हणून त्यांना जवळून पाहू शकलो. बांधा उंच, पण पाठीत वाकलेला. खांद्यावर दुपट्टा. मोबाइल पावसाळ्यासाठी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, तो उन्हाळ्यातही तसाच. आणि त्यावर बोलताना आवाज असा, की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच पडू नये. प्रार्थनेत मात्र ते गात नसत. "माहा सूर दुसऱ्याच्या बांधीत घुसते," असे म्हणून ते नुसता टाळ धरीत.

बांधी म्हणजे धानाचे बांध घातलेले खाचर. ही उपमा त्यांच्या तोंडी सहज येई, कारण गावच्या तलावाचे पाणी वाटण्याचे काम त्यांच्या घराण्यात होते. त्यांच्या पूर्वजांनी तो तलाव बांधला, असे गाव मानते. पाऊस ओढ देतो, धान निसवायला, म्हणजे लोंबी धरायला, आलेले असते, आणि पाणी सर्वांना एकाच वेळी हवे असते; अशा वेळी कोणाच्या बांधीत कधी पाणी जाईल, ते ठरलेल्या क्रमाने चालते. या क्रमाला आमच्याकडे बारी म्हणतात. यादोरावांची बारी सरपंचासाठी हलली नाही की पाहुण्यांसाठी हलली नाही. त्यांचे स्वतःचे शेत क्रमात शेवटचे होते. त्यांची पत्नी पार्बताबाई मला एकदा म्हणाल्या, "गुरुजी, गावाचं धान हिरवं अन् आमचं पिवरं. लोकं मले इचारते, तुमचा मालक पानी वाटते का पाप?" यादोराव बाजूलाच बसून दोर वळीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "बारी माही बायको नाई, का तिले समजवता येईन."

"अन् मले समजवता येते काय?" पार्बताबाई म्हणाल्या.

"नाई. म्हनून तं दोर ओळून राहिलो."

या बारीवरूनच गावात एक माणूस मेला. निसवणीच्या दिवसांत नीलकंठ नावाच्या शेतकऱ्याची बारी होती. त्याच्यानंतर, सूर्य निघाल्यावर, सुकरामची. सुकराम तरुण होता, आईबरोबर राहत होता, लग्न व्हायचे होते. पहाट फुटली तसा त्याने बांध फोडून पाणी आपल्याकडे वळवले. शब्दाला शब्द लागला, सुकरामच्या हातात फावडे होते, आणि एका घावात नीलकंठ पडला तो उठला नाही. नीलकंठच्या मागे पत्नी वच्छलाबाई आणि एक लहान मुलगी राहिली.

खटला उभा राहिला तेव्हा बारी सांभाळणारे म्हणून यादोरावांची साक्ष निघाली. सुकरामची आई आदल्या दिवशी त्यांच्याकडे आली. तिचे म्हणणे फार नव्हते. सूर्य निघाला होता, एवढेच त्यांनी सांगावे. म्हणजे पाणी तरी सुकरामच्या हक्काचे ठरेल. यादोरावांनी तिला बसवले, पाणी दिले आणि सांगितले, "बाई, सूर्य निघाला नोता." न्यायालयातही तेच सांगितले. सुकरामला काही वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला नागपूरच्या कारागृहात पाठवले.

त्यानंतर दर सोमवारी यादोराव त्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. सुरुवातीला ती त्यांच्याकडे पाठ करून बसे. पुढे पाठ करून बोलू लागली. शेवटच्या आजारात तिला दवाखान्यात नेले ते यादोरावांनीच. ती मुलाला न पाहता गेली. गोंदियाची ती सभा झाली ती यानंतर. मला वाटते, त्या सभेत यादोरावांना नवे काही कळले नाही. आपण जे करीत आलो ते इतरांनाही करायला सांगता येते, एवढे कळले. आणि सुकराम सुटून येईल तेव्हा त्याला गावात राहता आले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी मनाशी धरली. बाकीची सर्व धडपड तिच्याभोवती होती.

माणसे मिळवणे कठीण होते. किराणा दुकानदार टेकचंद याच्याशी झालेला त्यांचा संवाद मी स्वतः ऐकला आहे.

"काकाजी, मले देवाचं कराले टाईम नाई, अन् तुमी चोराचं कराले सांगून राहिले."

"चोराचं नाई. चोराच्या मायचं. थे बोंडगावची बुढी. थिच्याजवर कोनी बोलतच नाई."

"मंग मी जाऊन काय बोलू?"

"दुकानात जे बोलतेस थेच. बेसन महाग झालं, म्हन."

टेकचंद हसला, आणि गेला. त्याच्यासारखी आणखी काही माणसे तयार झाली. यादोरावांनी मला सांगितले, "गुरुजी, याइची एक शाळा घ्या. हे लोकं मनानं चांगले हायेत, पन तोंड कोठं उघडाचं थे समजत नाई." मी सुटीच्या दिवशी वर्ग उघडला आणि फळ्यावर सूचना लिहिल्या. गुन्हा विचारू नये. पाळता येणार नाही असे आश्वासन देऊ नये. ठरलेल्या दिवशी जावेच. न गेल्याने जे दुःख होते ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ते नसते असे समजू नये. यादोराव मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांनी रीतसर हात वर केला.

"आखरीन एक लिवा, गुरुजी. रडू नये. रडाचं त्याले असते. आपन रडलो तं थो आपलेच डोरे पुसत बसते."

मी ते फळ्यावर लिहिले. मी लिहिलेल्यांपेक्षा ती सूचना अधिक कामाची होती, हे पुढे सोबत्यांनीच सांगितले.

रीतसर परवानगी काढून मंडळाची माणसे सुकरामला भेटायला नागपूरला जाऊ लागली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या भेटी लोकांना आवडल्या. भाड्याची गाडी ठरे, वाटेत भजने होत, आणि परत आल्यावर बायका सांगत, "काय गरीब चेहऱ्याचा पोरगा हो! मान वर करून पाहत नाई." आधी नाही म्हणणारा टेकचंद आता सर्वांत पुढे असे. कारागृहाच्या रस्त्यावर उभे राहून काढलेले स्वतःचे छायाचित्र त्याने मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकले, त्यावर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. यादोरावांना आनंद झाला. सुकरामला एक नव्हे, पाचसात सोबती झाले होते. "आला का त्याले गावात पाय ठेवाले जागा हाय," असे ते म्हणू लागले.

दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रांचे, दिवस सुरू असताना, सुकराम सुटून आला. यादोराव त्याला घेऊन आले. त्याचे घर त्यांनी सारवून ठेवले होते. तो फार बोलत नसे. कोणी काही विचारले की आधी उभा राही आणि मग उत्तर देई. जेवताना ताट जवळ ओढून त्याच्याभोवती डावा हात धरी, जणू कोणी ते उचलून नेणार आहे.

आता मंडळाची एक रीत सांगतो. प्रार्थनेचा दिवा दररोज एका घराने लावायचा, असा क्रम आहे. ज्या घराची बारी असेल त्या घरच्या बाईने प्रार्थनेनंतर नव्या येणाऱ्याला गंध लावायचे. तेवढ्याने तो मंडळाचा झाला. ही बारीही यादोरावच सांभाळीत. सुकरामला प्रार्थनेला आणायचा दिवस त्यांनी ठरवला तो सोमवार. त्या दिवशी बारी वच्छलाबाईंची होती.

सकाळी टेकचंदच्या दुकानासमोर आम्ही हे त्यांच्या लक्षात आणून दिले. ते त्यांच्या लक्षात होतेच.

"काकाजी, दिवस बदलवा नं," टेकचंद म्हणाला. "मंगरवारी आना त्याले. माह्या घरची बारी हाय, माही बायको लावते गंध."

"सोमवार त्याले सांगितला हाय."

"मंग बारी बदलवा. वच्छलाबाईले म्हना, उद्या लावजा दिवा."

"कायले म्हनू? तुह्या घरी खून झाला म्हनून तू मांगं हो, असं म्हनू? तिची बारी हाय. तिनं यावं, नाईत नाई यावं. मी तिले मांगं सारनार नाई."

मी म्हटले, "यादोराव, निदान तिला आधी जाऊन सांगा तरी."

"सांगाले गेलो तं थे मांगितल्यासारखं होते, गुरुजी. तिले मांगाचा हक मले नाई."

या बोलण्यात खोटे असे काही नव्हते. आयुष्यभर त्यांनी क्रम हलू दिला नाही आणि त्यामुळे दुबळ्या माणसाच्या बांधीतही पाणी पोहोचले. माणसांना जे एकमेकांसाठी करवत नाही, ते क्रम त्यांच्याकडून करवून घेतो, असा त्यांचा अनुभव होता. फक्त तो पाण्याचा अनुभव होता.

संध्याकाळी वच्छलाबाई आल्या. त्यांना कोणीतरी सांगितले असणारच, कारण त्या मुलीला घरी ठेवून आल्या होत्या. त्यांनी दिवा लावला. प्रार्थना झाली. सुकराम पुरुषांच्या शेवटच्या ओळीत बसला होता. यादोरावांनी त्याला पुढे बोलावले आणि तो उभा राहिला. गंधाची वाटी घेऊन वच्छलाबाई उठल्या तेव्हा सभागृहात मुले रडायचीही थांबली. वाटी त्या त्याच्या तोंडावर फेकतील, असे पुष्कळांना वाटले. काहींना तसे झाले तर बरे, असेही वाटले असावे.

त्यांनी बोट बुडवले आणि त्याच्या कपाळावर गंध लावले. नीट, मधोमध. मग वाटी खाली ठेवून त्या यादोरावांकडे वळल्या.

"मामाजी, मंडळाची बारी मी केली. आता माह्या घराची बारी कवा येते, थे सांगा."

मग त्यांनी सुकरामकडे हात केला.

"याच्यासाठी नागपूरले गाडी गेली. याची माय होती तं सोमवारच्या सोमवारी तुमी तिच्या ओट्यावर. मी समोरच्याच गल्लीत राहतो, मामाजी. तुमी जाताना दिसत होते मले. माह्या दारी कोन आलं? मी जेलात गेलो नाई, म्हनून?"

आमच्याकडच्या बायका बोलताना स्वतःसाठी असेच 'राहतो', 'गेलो' म्हणतात. आवाज मुळीच चढलेला नव्हता. यादोरावांच्या हातात टाळ होते. ते खाली ठेवावेत की धरावेत, हेही त्यांना उमगेना. वच्छलाबाई निघून गेल्या. त्यानंतर त्या प्रार्थनेला आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादोराव त्यांच्या दाराशी गेले. मला बरोबर घेतले होते. ते म्हणाले, "बाई, चुकलं. उद्यापासून कोनी तरी येईन. पार्बता येईन. गुरुजीच्या घरून येतीन."

वच्छलाबाई तांदूळ निवडीत होत्या. "आता नोको, मामाजी. आता कोनी आलं तं मी मांगून घेतल्यावानी होते. पयले आले असते तं बसवलं असतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, चहा ठेवू काय?" इतक्या सभ्यतेने दिलेला नकार मी पूर्वी पाहिला नव्हता. तो चहा आम्ही प्यालो.

इकडे सुकरामचे सोबती गळू लागले. त्यांत दुष्टपणा नव्हता. एकाच्या घरी पाहुणे होते, एकीच्या सुनेला पटत नव्हते. टेकचंदने मात्र सरळ सांगितले, "काकाजी, नागपूरले म्हना, म्हनान तेवढ्या वेरा जातो. इथं नोको. वच्छलाबाईची पोरगी दुकानात बिस्कुट घ्याले येते. थो माह्याजवर बसून असला तं मी तिच्याकडं कसा पाहू?"

यादोराव दुकानाची पायरी उतरले. वाटेत मला म्हणाले, "तिथं होता तवरिक थो कैदी होता, गुरुजी. लोकाइले दया करता येत होती. आता शेजारी झाला."

"मग आता काय करायचे?" मी विचारले.

"तेच तं समजून नाई राहिलं." थोडे चालून ते पुन्हा म्हणाले, "पानी कमी असन तं वाटता येते. नसनच तं काय वाटाचं?"

धानाची कापणी चालू होती, पण सुकरामला कोणी कामावर बोलावले नाही. यादोरावांनी त्याला आपल्या शेतात नेले. चार बांध्या कापून होईपर्यंत तो त्यांच्याजवळ होता. मग एके सकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. मी तेथे वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो.

"जाऊन राहिलो, काकाजी."

"काऊन? कोनी काई बोललं?"

"नाई. कोनीच काई बोलत नाई." तो जमिनीकडे पाहत होता. "थिनं शिवी देली असती, वाटी मारली असती, तं मी राहिलो असतो. खालच्या मानेनं राहिलो असतो. पन थिनं गंध लावलं. आता मी या गल्लीतून कसा जाऊ?"

यादोराव उठले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, "जेवून जा." पार्बताबाईंनी ताट वाढले. तो जेवला आणि गेला. महामार्गावर कोहमाऱ्याला ढाब्यांवर काम मिळते, असे तो जाताना म्हणाला होता. पुढे काही दिवस त्याचा फोन लागला, नंतर लागेनासा झाला.

मंडळात सोबत्यांचे काम हळूहळू थांबले. बोंडगावच्या म्हातारीकडे टेकचंद जात राहिला, ही एक गोष्ट शिल्लक राहिली. बारीची व्यवस्था यादोरावांनी दुसऱ्याकडे सोपवली. वच्छलाबाईंच्या गल्लीतून जायचे टाळून ते लांबच्या वाटेने तलावावर जात. पार्बताबाई त्यांना टोचून बोलायच्या त्याही बंद झाल्या, आणि हे मला चांगले लक्षण वाटले नाही.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते कोहमाऱ्याला. डोळे तपासून मी गोंदियाहून परतत होतो. बस चौकात थांबली, माणसे चहाला उतरली. रांगेने उभ्या असलेल्या ट्रकांच्या मधून एक वाकलेला माणूस ढाब्याकडे जाताना दिसला. हातात प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाइल होता. मी जवळ पोहोचलो तेव्हा ते मालकाशी बोलत होते. मालक तव्यावरून नजर न काढता म्हणाला, "बाबाजी, फोटो दिखाओ। ऐसे कैसे पहचानूँगा?"

"फोटो नाई. बोलत कमी. इचारलं तं आधी उभा राहते. अन् जेवताना असं," त्यांनी डावा हात गोल करून दाखवला, "असं ताट धरते."

"यहाँ तो सब ऐसे ही खाते हैं, बाबा।" मालक हसला, मग त्यांचा चेहरा पाहून हसू आवरले. "अच्छा, आया तो क्या बोलूँ? घर पे बुलाया है, बोलूँ?"

होय म्हणणे किती सोपे होते. गाव दूर होते, ऐकणारा परका होता, आणि त्या एका शब्दावर कदाचित सुकराम परतलाही असता.

"नाई," ते म्हणाले. "बोलावलं असं नोका सांगू. कोनी बोलावलं नाई. मी पुसाले आलतो, येवढं सांगा."

"बस इतना?"

"येवढंच हाय."

माझ्या बसने भोंगा वाजवला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले नाहीत. मी तेथे असणे त्यांना साहजिक वाटले असावे. "तुमी जा, गुरुजी," ते म्हणाले, "मले त्या बाजूचे राहिले हायेत." खिडकीतून पाहिले, तेव्हा ते महामार्गाच्या कडेला उभे होते. ट्रकांमागून ट्रक जात होते, आणि पलीकडच्या ढाब्यावर जाण्यासाठी ते मोकळ्या रस्त्याची वाट पाहत होते.